अण्णा ऑफलाइन आहेत

ऐक, नुसतं ऐक, मधेमधे बोलू नकोस, नाहीतर लिंक तुटते.

आपली शिल्पा मियापूरला एकटी राहते ना, तिचे वडील हणमंतराव, म्हणजे अण्णा, मलकपेठच्या त्यांच्या जुन्या घरात. तेही एकटेच, आई गेल्यापासून. आणि भाऊ युवराज पुण्याला. तर ह्या युवराजनं ठरवून टाकलं होतं की अण्णांना पुण्याला न्यायचं आणि मलकपेठचं घर भाड्यानं द्यायचं. कशावरून, तर एका बादलीवरून!

झालं असं की अण्णांनी आंघोळीच्या पाण्यात तापवायचा रॉड टाकला. गीझर आहे हं घरात, पण अण्णा म्हणतात त्या पाण्यानं आंघोळ केल्यासारखं वाटतच नाही. रॉड टाकला आणि बाहेर गेले. परत आले तर पाणी आटलेलं, बादली वितळून फरशीला चिकटलेली आणि मोरीभर धूर. वर राहणाऱ्या पद्मावतीगारूंनी, म्हणजे आपल्या भाषेत पद्मावतीबाईंनी, आरडाओरडा केला म्हणून बरं. शेजारणीच्या तोंडून ती गोष्ट शिल्पापर्यंत आली आणि शिल्पाच्या तोंडून युवराजपर्यंत. तिथंच चुकलं तिचं.

"शिल्पे, आज बादली, उद्या घर," युवराज म्हणाला. "डिसेंबरात येतो आणि त्यांना घेऊन जातो. विषय संपला."

विषय कसला संपतोय? अण्णांचा जन्म मलकपेठचा. सकाळी रेसकोर्सच्या कडेनं फेरी, दुपारी इराणी हॉटेलात चहा, मग पद्मावतीगारूंच्या नवऱ्याबरोबर पेपरावरून भांडण. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू आणि मधे मधे दखनी. पुण्यात त्यांच्याशी असं भांडणार कोण? त्या दिवसापासून अण्णांचं जेवणच कमी झालं.

मग शिल्पानं युवराजकडून मुदत मागून घेतली. म्हणाली, "दादा, मी सगळ्या बटनांना स्मार्ट प्लग लावते. काय चालू राहिलं, काय बंद, मला मियापूरला बसून फोनवर दिसेल. राहिलंच चालू, तर इथूनच बंद करेन. डिसेंबरपर्यंत एकदा जरी काही चालू राहिलं ना, तर तू म्हणशील तसं."

"मलापण दिसलं पाहिजे," युवराज म्हणाला.

"दिसेल की. तुलापण ॲप देते."

गेली दिलसुखनगरला. दुकानात छोटे गोंडस प्लग बघून खूश, आणि दुकानदारानं विचारलं, "लगाना कायकू है मॅडम?" ही म्हणाली, रॉडकू. तो हसायलाच लागला. "रॉडकू ये नक्को! गरम होके पिघल जाता. सोला अँपियर का लो." म्हणजे बादली वाचवायला गेली असती आणि प्लगच वितळवून बसली असती! मग रॉडसाठी मोठा घेतला, आणि छोटे तीन एका खोक्यात. घरी वायफाय बसवलं, टीव्हीला एक लावला, टेबलफॅनला एक, एक उरला तो खोक्यातच ठेवला. अण्णा खुर्चीत बसून सगळं बघत होते.

"आता मी पंखा लावला तर तुला कळणार?"

"कळणार."

"आणि दादाला?"

"त्यालापण."

"बरं," अण्णा म्हणाले. एवढंच. आणि ते 'बरं' असं होतं की शिल्पाला परत येताना मेट्रोत रडूच आलं.

पण खरी गंमत पुढंच आहे. ते प्लग चालेनातच! म्हणजे चालायचे, आणि मग जायचेच. सकाळी रॉड चालू, रॉड बंद, सगळं छान. आणि दुपारी बघावं तर रॉड ऑफलाइन, टीव्ही ऑफलाइन, पंखा ऑफलाइन. संध्याकाळी परत हजर. शिल्पा कंपनीच्या मदत-नंबरला फोन करून थकली. ते म्हणायचे, वायफाय कमजोर असेल मॅडम. आणि युवराजला आयतंच मिळालं.

"काय गं, तुझे स्मार्ट प्लग अण्णांसारखेच निघाले की. दुपारी झोपतात!"

मग आला तो मंगळवार. शिल्पा घरूनच काम करत होती. सकाळपासून सगळं ऑफलाइन. जेवणाची वेळ होऊन गेली तरी ऑफलाइन. अण्णांना फोन लावला, उचलेनात. परत लावला, परत तेच. पद्मावतीगारूंना लावला, तर त्या गावाला. तेवढ्यात युवराजचा फोन.

"शिल्पे, अण्णा फोन उचलत नाहीयेत. रॉड चालू आहे का बंद तेही दिसत नाहीये. मी डिसेंबरची वाट बघत नाही, परवाच येतो. ह्यावेळी घेऊनच जाणार."

शिल्पा लॅपटॉप तसाच उघडा टाकून पळाली. मेट्रोत बसायला जागा होती तरी उभी. प्रत्येक स्टेशनावर ॲप उघडायची, प्रत्येक स्टेशनावर ऑफलाइन. अमीरपेठ गेलं, नामपल्ली गेलं, आणि हिच्या डोळ्यासमोर ती वितळलेली बादली. मलकपेठला उतरून रिक्षा न करता पळतच सुटली.

घराला कुलूप! बाहेरून कुलूप. म्हणजे आत पडलेले नाहीत, हे एक बरं. पण मग गेले कुठं? पायरीवर बसली. आणि बसते न बसते तोच कोपऱ्यावरून अण्णा येताहेत. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत सीताफळं, एकदम राजासारखे.

"शिल्पू? तू कशी काय? आज सुट्टी?"

"अण्णा, फोन कुठाय तुमचा!"

"हा काय. बँकेत तो गार्ड सगळ्यांचे आवाज बंद करायला लावतो. नोव्हेंबर आहे ना, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. ही रांग! जिवंत आहे हे सांगायला अर्धा दिवस उभं राहिलो."

शिल्पाला हसावं का रडावं कळेना. पोरीनं बापाला मनातल्या मनात काय काय करून टाकलं होतं, आणि बाप सरकारला आपण जिवंत असल्याचं सांगून सीताफळं घेऊन आलेला!

अण्णांनी कुलूप उघडलं, चपला काढल्या, आणि दाराशेजारचं बटन दाबलं. वायफायचं. मग पंख्याचं दाबलं. शिल्पाच्या हातातला फोन टुंग वाजला. पंखा ऑनलाइन. मग टीव्हीचं. टुंग. मग आत गेले, हातपाय धुतले, भरल्या बादलीत रॉड सोडला, मोरीबाहेरचं मोठं बटन दाबलं. टुंग. रॉड ऑनलाइन.

ही दारातच उभी, पुतळ्यासारखी.

"अण्णा, बाहेर जाताना तुम्ही भिंतीवरची बटनं बंद करता?"

"मग? उघडी टाकून जाऊ?"

"वायफायसुद्धा?"

"घरात कुणी नाही, ते कुणासाठी चालू ठेवायचं?"

अगं, प्लग बसलेला भिंतीवरच्या बटनाच्या सॉकेटमध्ये. बटनच बंद केलं तर प्लग मेला, आणि मेलेला प्लग ॲपमध्ये ऑफलाइनच दिसणार ना! बटन बंद करण्याची ती आपली सगळ्यांचीच सवय. शिल्पाच्या डोक्यात आलंच नाही, कंपनीवाल्याच्याही नाही. म्हणजे ज्याला ही बिघाड समजत होती, तो बिघाड नव्हताच. ते अण्णा होते. घरभर फिरून एकेक बटन स्वतःच्या हातानं बंद करणारे.

"पण मग त्या दिवशी रॉड कसा राहिला, अण्णा?"

"त्या दिवशी करंट नव्हता," अण्णा म्हणाले. "रॉड टाकला आणि करंट गेला. म्हणलं येईल तोवर दूध आणू. वाटेत गप्पा झाल्या. इकडं करंट आला. गेलेल्या करंटमधे बटन चालू आहे का बंद, कुणाला आठवतं? तेव्हापासून मी सगळं बंद करूनच बाहेर पडतो."

"हे दादाला का नाही सांगितलं?"

"त्यानं विचारलंच कुठं? डायरेक्ट तिकिटाचंच बोलला."

शिल्पानं तिथल्या तिथं ॲप उघडलं. त्यात एक सेटिंग असतं, करंट परत आल्यावर प्लगनं काय करायचं ते. रॉडसाठी निवडलं, बंदच राहायचं. मग बादलीत पाणी आहे ना बघितलं, मेन स्विच पाडला, परत वर केला. पंखा फिरायला लागला, रॉड मात्र बंद तो बंदच. अण्णा खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

"अर्रे! हे तर कामाचं आहे की!"

मग युवराजला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, ॲप उघडून बस. अण्णा, तुम्ही रोज बाहेर पडता तसं पडा."

अण्णा निघाले. मोरीपासून सुरुवात. "रॉड गेला," तिकडून युवराज म्हणाला. अण्णा हॉलमध्ये आले. "टीव्ही गेला... पंखा गेला..." मग दाराशी वायफाय, मग कुलपाचा खटका. अण्णा बाहेरून ओरडले, "सांग त्याला, मी बाहेर पडलो म्हणून!"

"दादा, रोज हेच दिसत होतं आपल्याला," शिल्पा म्हणाली. "ह्याच क्रमानं. आपण म्हणत होतो, प्लग खराब आहेत."

"अण्णांना आत घे," युवराज म्हणाला. "आणि विचार, डिसेंबरात पोरांना घेऊन आठ दिवस आलो तर चालेल का. राहायला. न्यायला नाही."

त्या रात्री, अगं, अण्णांनी सीताफळं खाल्ली, भाकरीपण मागून घेतली. आणि खाता खाता म्हणाले, "शिल्पू, खोक्यात एक उरलाय ना? तो तुझ्या मियापूरच्या खोलीतल्या टेबलदिव्याला लाव. आणि ते ॲप माझ्या फोनात टाक. तू माझं बघतेस, मी तुझं बघतो."

आता ही अडकली! कारण ही रोज रात्री फोनवर सांगते, "जेवले मी, अण्णा, झोपतेय आता," आणि मग लॅपटॉप घेऊन बसते ती बसतेच. नाही म्हणावं तर कुठल्या तोंडानं? आणि हो म्हणावं तर सगळं उघडं.

लावला तिनं. आणि पहिल्याच दिवशी काम लवकर आवरून, सवयीनं भिंतीवरच्या बटनानंच दिवा घालवून, अंथरुणावर पडली, तर अण्णांचा फोन. केवढे खूश!

"शिल्पू, तुझा दिवा ऑफलाइन दाखवतंय. भिंतीवरचं बटन बंद केलंस ना? झोप, झोप."

आता हिला रोजच वेळेवर झोपणं आलं! खरं सांग, तिच्या जागी तू असतीस तर लावला असतास का तो प्लग?