माझ्या वाटेवर नाही

कासाब्लांकात लाल टॅक्सीला हात केला की ती थांबत नाही, नुसती मंदावते. चालक काच खाली करून विचारतो, "कुठं?" त्याच्या वाटेवरचं असलं तर बसायचं, नाहीतर पुढच्या टॅक्सीला हात करायचा. हे तुमच्याआमच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं वाटतच नाही. टॅक्सी चालवण्यात उभं आयुष्य गेलेल्या बुअज्जालाही ते कधी वाटलं नव्हतं. एका दिशेची तीन माणसं भरायची, तिघांकडून वेगळं भाडं घ्यायचं. शहराच्या टोकाला जाणारं एकटं माणूस म्हणजे येताना रिकामी गाडी. "माझ्या वाटेवर नाही," म्हणून तो गाडी पुढे काढी.

बायको गेली, मुलगी फ्रान्सला राहिली, आणि जिवाभावाचं असं एकच माणूस उरलं. अल्लाल. रोज संध्याकाळी दोघं पुदिन्याच्या चहावर एकमेकांची खोड काढत बसत. बाकी दिवसभर बुअज्जाच्या गाडीत माणसं असत, पण बोलायला कुणी नसे.

त्या दुपारी त्यानं टॅक्सी दुसऱ्या पाळीच्या चालकाच्या हवाली केली आणि घरी पोचतो न पोचतो तोच फोन आला. अल्लाल गेला होता. दफन असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, शहराच्या टोकाच्या कब्रस्तानात. दुसऱ्या पाळीचा चालक फोन उचलेना.

बुअज्जा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एक टॅक्सी मंदावली, कब्रस्तानाचं नाव ऐकताच निघून गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या टॅक्सीतला जिलाली त्याच्याच हाताखाली तयार झालेला.

"काका, रागावू नका, पण तिकडून रिकामं यावं लागतं. तुमच्याकडूनच शिकलो ना हे!"

शेजारी लल्ला हनिया नावाची बाई उभी होती, नवऱ्यासाठी दवाखान्यात डबा घेऊन निघालेली.

"रोजचंच आहे हे, बाबा," ती म्हणाली. "त्यांचं सूप थंड होतं, मी इथंच."

"मावशी, मीही टॅक्सीच चालवतो," बुअज्जा ओशाळून म्हणाला.

"मग सांग की तुझ्या लोकांना. रिकामं येणं परवडत नसेल तर परतीचं भाडं रीतसर मागून घ्या, मीटरवर लावून घ्या. आम्ही देऊ. पण टॅक्सी शहराची ना? मग म्हातारं, आजारी, एकटं माणूस काय शहराबाहेरचं?"

शेवटी एक टॅक्सी दवाखान्यापर्यंत यायला तयार झाली. लल्ला हनियानं चालकाला दटावून बुअज्जालाही बसवून घेतलं. तिथून तो चालत, धापा टाकत कब्रस्तानात पोचला. माणसं पांगली होती. माती ओली होती. शेवटचा खांदा द्यायचा राहिला, मूठभर मातीही द्यायची राहिली. तो तिथं एकटाच बसून ढसाढसा रडला. आजवर आपण कुणाकुणाला असं कडेला सोडून आलो, हे आता त्याला विचारणारंही कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात टॅक्सीचालकांच्या संघटनेच्या बैठकीत त्यानं परतीच्या भाड्याची आणि कुणालाही न नाकारण्याची मागणी केली. एकजण हसला, "बुअज्जा, म्हातारपणी पुण्य कमवायला निघालास?"

"पुण्य कसलं, भाडं घेतोय मी," बुअज्जा म्हणाला. "पण वाट बसणाऱ्याची असते. आपण आपलीच धरून बसलो, म्हणून माझा दोस्त माझ्याशिवाय मातीत गेला."

मग कुणी हसलं नाही. म्हणून सांगतो, बंधूंनो, कडेला उभं असलेलं माणूस कुठल्या घाईत आहे, हे मंदावलेल्या गाडीतून दिसत नाही. त्यासाठी थांबावं लागतं.