कुणाचा कुठला पाय पुढे

राजाच्या वाढदिवसाची जूनमधली जोडसुट्टी आली, इकडचा हिवाळा सुरू झाला, पण बर्फाला तिचं आमंत्रण पोचलंच नव्हतं. डोंगर तपकिरीच्या तपकिरी. बर्फ बनवणाऱ्या तोफांनी फेकलेल्या बर्फाची एवढीशी पांढरी पट्टी उतारावर, तिच्या कडेनं पोरांना वर नेणारा सरकता पट्टा, आणि बाकी सगळा चिखल.

त्या पट्टीवर शनिवार ते सोमवार आठ पोरांना स्नोबोर्ड शिकवायचा होता ग्लेनिसबाईंना. बावीस हिवाळे त्या हेच करत आल्या होत्या. अर्ध्या डोंगराची नाकं त्यांनी पुसली होती. बोर्डाच्या शाळेचा आताचा मुख्य ब्रोडी, तोही त्यातलाच. पाच वर्षांचा असताना सरकत्या पट्ट्यावर मुतला होता, हे बाई विसरल्या नव्हत्या आणि त्यालाही विसरू देत नव्हत्या.

शनिवारी सकाळी ब्रोडी टोपी चुरगाळत आला. "ग्लेनिसबाई, बर्फ पडेपर्यंत लहानांचा एकच वर्ग ठेवतोय. मंगळवारपासून एक तर तुम्ही, नाहीतर आनेली. दुसरीनं भाड्याच्या बुटांच्या खोलीत बसायचं."

"म्हणजे लोकांच्या घामट बुटांत नाक घालून?"

"बर्फ पडेपर्यंतच."

"आणि ठरवणार कोण? तू?"

"पोरंच ठरवतील. कुणाची किती उभी राहतात ते बघू की."

आनेली स्वीडनची. पंचविशीची पोर, तिकडचा हिवाळा संपवून इकडचा गाठायला आलेली. फार गोड बोलायची. गोड बोलणाऱ्याचे हात आधी बघावेत, हा ग्लेनिसबाईंचा जुना नियम. तिच्याकडे दुसरी सहा पोरं होती. त्यांना तिनं शाळेच्या झोपडीमागच्या गोठलेल्या डबक्यावर नेऊन धावत घसरायला लावलं. पोरं किंचाळत होती, ही टाळ्या पिटत होती. शाळा म्हणावी की जत्रा!

ग्लेनिसबाईंची रीत ठरलेली. पोराला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं आणि मागून हलकेच ढकलायचं. सावरायला जो पाय आधी पडेल, तो बोर्डाच्या फळीवर पुढे, दुसरा मागे. मग तसे बुटांचे पट्टे स्क्रूनं घट्ट बसवायचे. दरवर्षी हे झोपडीपुढच्या बर्फात व्हायचं. यंदा तिथं चिखल, म्हणून बाईंनी पोरांना लाकडी ओट्यावर उभं केलं. ढकल, पड, पुढचा. ढकल, पड, पुढचा. आठातल्या सातांचा उजवा पाय आधी पडला. एरवी बहुतेकांचा डावा पडायचा.

"काय उलटी पैदास आहे यंदाची!" बाई म्हणाल्या.

आनेली दारात उभी होती. "ग्लेनिसबाई, मला वाटतं हा ओटा जरा..."

"माझं नाचून झालं नाही आणि हिला अंगण वाकडं दिसतंय! मी बोर्ड शिकवत होते तेव्हा तुझी आई लंगोटात होती, पोरी."

हिशेब चुकीचा होता, पण आनेली आपल्या पोरांकडे वळली.

दिवसभर बाईंची पोरं पिकल्या फळांसारखी टपाटप पडली. ओटिस नावाचा सहा वर्षांचा, पुढचे दोन दात नसलेला पोरगा तर उभा राहायच्या आधीच पडायचा. त्याच्याबरोबरची तमसिन पडली की बर्फालाच लाथ मारायची. पलीकडे आनेलीची पोरं सुळ्ळकन खाली. कुंपणाशी आयाबाप उभे, आणि त्यांच्यात ब्रोडी.

बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. चूक आपली नाही, तर मग कुणाची?

उत्तर रविवारी सकाळी हाती आलं. बोर्ड मांडणीवरून काढताना बाईंचा हात थांबला. ओटिसच्या आणि तमसिनच्या बोर्डाचे पट्टे उलटे बसवलेले! उजव्याच्या जागी डावा पाय पुढे. म्हणजे कुणीतरी स्क्रू काढले होते, कुणीतरी परत आवळले होते. कालही दुपारच्या जेवणात बोर्ड इथंच पडून होते की. म्हणजे कालपासूनचं हे कारस्थान. पोरं पडायची नाहीत तर काय!

बाईंनी आवाज केला नाही. पट्टे होते तसे फिरवले आणि दिवसभर आनेलीवर नजर ठेवली. ती पाणी प्यायला गेली की या तहानलेल्या. ती झोपडीत गेली की यांचे हातमोजे आत राहिलेले. आनेली हसून विचारी, "काही हवंय का?" चोरटं हसू, बाईंच्या मनानं नोंद केली. त्या दिवशीही ओटिस सतरा वेळा पडला. संध्याकाळी त्याचा बाप ब्रोडीशी खाली मान घालून बोलत होता, आणि बोलताना दोनदा इकडे बघितलं त्यानं.

चार वाजता पोरं गेली. बाईंनी खिशातली डबी काढली. उन्हासाठी नाकाला फासायचं गुलाबी मलम. बोटाला एकदा लागलं की दोन आंघोळींत निघत नाही. ते त्यांनी सगळ्या बोर्डांच्या स्क्रूंच्या खाचांत आणि पट्ट्यांखाली बारीक भरलं आणि शीळ घालत घरी गेल्या.

सोमवारी सकाळी ते दोन बोर्ड पुन्हा फिरलेले. आनेली ओट्यावर पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. हातमोजे काढलेले, दोन बोटं आणि अंगठा गुलाबी.

"ब्रोडी!" बाईंची हाक कुंपणापर्यंत गेली. "ये, बाबा, ये. काल स्क्रूंत मी गुलाबी मलम भरलं होतं; आता हिचे हात बघ आणि माझे फिरवलेले बोर्ड बघ."

ब्रोडीनं बघितलं. त्याचा चेहरा पडला. "आनेली, हे तू केलंस?"

"हो," ती म्हणाली. "दोनच मुलांचे. त्यांचा डावा पाय पुढचा आहे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या मुलांबरोबर ते डबक्यावर घसरत होते, तेव्हा मी पाहिलं. प्रत्येक वेळी डावाच."

"मग मला का नाही सांगितलंस?" बाई कडाडल्या.

"सांगायला आले होते. तुम्ही माझ्या आईला लंगोटात घातलंत."

पोरं फिदीफिदी हसली. ब्रोडी हसला नाही. "दुसऱ्याच्या पोराच्या बोर्डाला न सांगता हात लावायचा नाही, हा पहिला नियम. पाय मोडला असता तर? सामान बांध, आनेली. नुसती बुटांची खोली नाही, मी तुला ठेवूच शकत नाही."

झालं! बाईंनी छाती भरून श्वास घेतला. मंगळवार त्यांचा झाला होता, अख्खा हिवाळा त्यांचा झाला होता.

तेवढ्यात तमसिननं खाऊची पिशवी उघडली आणि एक संत्रं निसटलं. ते ओट्यावर पडलं, जरा थबकलं, मग उजवीकडे निघालं. आधी हळू, मग वेगानं, कठड्याखालून थेट चिखलात. कुणी बघितलंही नाही. बाईंनी बघितलं.

त्यांनी ओट्याच्या फळ्या बघितल्या. उन्हाळ्याच्या पावसात उजवा खांब खचला असणार. डोळे मिटून उभं केलेलं पोर ढकललं की उताराकडचा पाय टाकणारच, त्याचा खरा पाय कुठलाही असो. सातजण. सातांचे पट्टे आपण स्वतःच्या हातानं चुकीचे आवळले, आणि दोन दिवस त्यांना आपटवलं. त्यातले दोन हिनं सोडवले, ते आपण पुन्हा अडकवले.

आनेली खाली मान घालून हातमोजे चढवत होती. एक शब्द बोललं नाही, तर कुणालाही काही कळणार नव्हतं.

"अजून एक संत्रं आहे का गं?" बाईंनी तमसिनला विचारलं.

"ते माझं आहे."

"दे. परत देते."

बाईंनी ते ओट्याच्या मधोमध ठेवलं. "ब्रोडी, इकडे बघ. तिकडे नाही, खाली."

संत्रं निघालं. कठड्यापाशी ओटिसनं ते पायानं अडवलं. डाव्या पायानं.

ब्रोडीनं वाकून फळ्यांवरून हात फिरवला. "म्हणजे..."

"म्हणजे ओटा वाकडा आणि मी आंधळी. सामान बांधायचं असेल तर माझं बांधायला सांग. पण तिनं न सांगता हात लावला, ते चूकच. हो की नाही गं?"

"हो," आनेली म्हणाली.

"ठीक. स्क्रूड्रायव्हर आण. अजून पाच बोर्ड राहिलेत, आणि तू सांगशील तसे मी फिरवणार."

पोरांना एकेक करून डबक्यावर घसरवलं. दहाच्या सुमाराला पट्टीवरून ओटिस खाली आला, न पडता. खाली पोचल्यावर आपण पडलो कसे नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं आणि तो कुंपणाला जाऊन धडकला.

ब्रोडीनं आनेलीला ताकीद देऊन ठेवून घेतलं, आणि मंगळवारी लहानांचा वर्ग तिलाच मिळाला. ग्लेनिसबाई बुटांच्या खोलीत, नाकाला रुमाल बांधून. कुणी विचारलं तर म्हणायच्या, बर्फ पडेपर्यंतच. खोलीच्या खिडकीतून पांढरी पट्टी दिसायची. आनेली पोरांची नाकं वेळेवर पुसते की नाही, हे बघायला त्या दर पाच मिनिटांनी मान उंच करत. बुधवारी एका पोराचं तिनं पुसलं नाही. बाईंनी खिडकी उघडली आणि हाक मारली.