यंत्रमहाराज आणि हरवलेल्या दोन डिस्क

कळसच्या फळउत्पादक संघात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सर्व्हरच्या खोलीत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता आणि यंत्रमहाराज यंत्रातलं भूत काढायला बसले होते. चारपैकी दोन डिस्क सर्व्हरला दिसेनाशा झाल्या होत्या. सगळी माहिती चौघींत वाटून ठेवलेली. एक गेली तर निभतं, दोन गेल्या की काहीच उघडत नाही. डाळिंबाच्या फवारणीच्या नोंदी आत अडकल्या आणि त्यांच्याशिवाय न निघणारी, माल भरलेली गाडी दारात उभी.

"डिस्क मेली न्हाय, रुसलीय!" महाराज गरजले. "विटाळ झालाय हिला. कोण बाई हात लावती यंत्राला?"

सगळे उत्कर्षाकडं वळले. सर्व्हर तीच सांभाळायची. तिच्या हाताखाली शिकलेला, दरवर्षी तिच्याकडून राखी बांधून घेणारा सूरज मात्र खाली बघत राहिला.

महाराजांनी सूरजच्याच ओंजळीत हळदीचा भंडारा ओतला. "उधळ! बाकीच्यांनी डोळं मिटा. उघडं ठेवील त्याची बाग जळंल!"

बागेचं नाव निघाल्यावर कोण धजणार? उत्कर्षानंही डोळे मिटले. शिकलेली असली तरी सासरची बाग होतीच. मंत्र चढत गेला आणि त्यातच तिला बारीकसं 'टक्' ऐकू आलं. सर्व्हर चालू केला तर चारही दिवे हिरवे!

लोक पाया पडू लागले. अध्यक्ष सर्जेराव म्हणाले, "उत्कर्षा, उद्यापासनं हितं येऊ नगं. मशीन सूरज बघंल."

तिचे कान तापले. दोन डिस्क एकदम मरतात कशा, हे तिला मघापासून खटकत होतं. त्या दोघींना वीज एकाच वायरनं मिळायची.

"जाते आबा. पण आधी मागचं झाकण उघडा."

"किल्ली सापडंना," सूरज पुटपुटला.

"खिशाला भंडारा कसा लागलाय रं तुझ्या?" बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बागाईतदार कुशाबाईंनी विचारलं आणि स्वतःच त्याच्या खिशातून किल्ली काढली. तीही पिवळी झाली होती.

ती घेऊन सर्जेरावांनी झाकण उघडलं. आत वायरच्या पांढऱ्या टोकावर दोन बोटं पिवळीधमक उमटली होती. उत्कर्षानं सर्व्हर बंद केला, ते टोक ओढलं आणि पुन्हा चालू केला. दोन डिस्क गायब. परत बंद करून टोक दाबलं. टक्. चारही दिवे हिरवे.

"घ्या आबा. विटाळलेल्या हातानंबी चमत्कार झाला."

महाराज चपला शोधू लागले. उत्कर्षा सूरजकडंच बघत होती.

"का रे?"

"नोकरी पक्की व्हईल म्हणला मामा," महाराजांकडं बोट करत तो रडू लागला. "चुकलं ताई."

"ताई म्हणू नकोस. टक् वाजेपर्यंत वायर दाबायची, हे तुला मीच शिकवलं. नोकरीसाठी मीच शब्द टाकला असता. तू मला विटाळ ठरवलंस."

सर्जेरावांनी खाली मान घालून किल्ली पुढं केली. तिनं ती घेतली, पण त्यांनाही सोडलं नाही.

"तुमाला माझं काम माहीत होतं आबा. तरी महाराजाच्या एका शब्दावर मला घालवलंत. यंत्र अडलं तर आधी वायर बघा, बाई कोण हाय ते नका बघू. आन् कुणी डोळं मिटायला सांगितलं, तर तवाच ते उघडं ठेवा."