नकारानंतर उचललेला फोन

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यावरचा तो जुना टेलिफोन मीच. माझं पाचाचं बटण जोरात दाबावं लागतं आणि रिसीव्हरला चिकटपट्टी लावलेली आहे. कारखान्यात माझ्याबरोबर बनलेले बाकीचे फोन बँकांत आणि दुकानांत गेले. मी आलो एका लहानशा संस्थेत. ही संस्था आजारी माणसांना घरी वापरायला खास पलंग आणि चाकांची खुर्ची देते. गरज संपली की वस्तू परत करायची.

संस्था काकूंनी सुरू केली. दिवसभर मी त्यांच्या कानाशी असायचो. "आजोबांना कुशीवर वळवता येतंय ना? मी येऊन बघते," असं म्हणायच्या आणि खरंच जायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मागच्या खोलीत पलंगांचे स्क्रू आवळत कुरकुरायचे, "हिचं लग्न फोनशीच लागलंय." मी तेव्हा फार रुबाबात होतो.

मग काकू गेल्या. मी बरेच दिवस धूळ खात पडलो.

संस्थेचा खर्च अनुदानातून चालायचा. त्यासाठी दर वर्षी अर्ज करावा लागे. काकूंनी लिहिलेला जुनाच अर्ज काकांनी जसाच्या तसा पाठवला. नकार आला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पाठवला. पुन्हा नकार. काकांनी दोन्ही पत्रं माझ्याखाली सरकवून दिली. तेव्हापासून मी जरा तिरका बसू लागलो.

एक दिवस काकूंची धाकटी बहीण आली. "भाऊजी, यंदाही नाही मिळालं तर संस्था बंद करावी लागेल."

"त्यांना आपलं काम कळतच नाही."

"मग काय कळलं नाही ते विचारा की."

"नाही म्हणालेल्यांच्या दारात परत जायचं?"

"दारात कशाला? फोन समोर आहे."

तिनेच नंबर लावला आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला. पलीकडे अर्ज तपासणाऱ्या बाई होत्या.

"अर्ज चांगला आहे हो. त्यात लिहिलंय, संस्थापिका स्वतः प्रत्येक घरी जातात. त्यांना देता का जरा फोन?"

माझ्यातून नुसती खरखर येत होती.

"ती नाही आता," काका शेवटी म्हणाले.

बाईंनी विचारलं, "मग आता घरी कोण जातं?"

"मीच. पलंग जोडतो, घरच्यांना तो खालीवर करायला शिकवतो. तिच्यासारखं बोलता येत नाही मला. पण आठवड्याने परत जाऊन बघतो."

"हे अर्जात कुठेच नाही. आम्हाला वाटलं, काम थांबलंय आणि जुना कागद फिरतोय. हेच लिहा ना."

नवा अर्ज माझ्याशेजारीच लिहिला गेला. काकूंचं ते वाक्य खोडताना काकांचा हात अडला. मेव्हणी म्हणाली, "सुरुवात ताईने केली, असं लिहा. मग पुढे तुमचं."

यंदा अनुदान मिळालं. संस्था राहिली. अर्जात मागितलेली पलंग न्यायची गाडी मात्र नामंजूर झाली. पत्र वाचून होताच काकांनी मला उचललं. "बाई, गाडीचं का नाही म्हणालात, तेवढं सांगा."

मित्रांनो, आता मी सरळ बसतो. माझ्याखाली काही नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावर धूळ बसू देऊ नका. आणि कधी नकार आला तर तो आमच्याखाली दाबून ठेवू नका. आम्हाला उचला आणि विचारा. पाचाचं बटण तेवढं जोरात दाबा.