मी योगीराजचा गोळा

मित्रांनो, माझे वजन सव्वासात किलो. रंग मूळचा काळा, आता जागोजागी तांबूस. मी गोळाफेकीचा लोखंडी गोळा. कुठल्याशा कारखान्यात मला ओतले, घासून गुळगुळीत केले आणि परभणीच्या एका कॉलेजात धाडले. पुढे नवे गोळे आले आणि मी अडगळीत गेलो. तिथून भक्ती नावाच्या मुलीने सरांना विचारून मला पिशवीत घातले आणि एसटीने पेडगावला आणले. पिशवीचा बंद तिच्या खांद्यात रुतला होता, तरी वाटेत तिने मला खाली ठेवले नाही.

तिने मला आणले ते धाकट्या भावासाठी. योगीराज तेव्हा वीस वर्षांचा होता. तो स्वमग्न होता. बोले कमी, पण बोले ते जसे असेल तसे. खोटे बोलता येते हे त्याला ठाऊकच नव्हते. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून अंगणात पळे. आई कमलबाई त्याला जपत. वडील माणिकराव मात्र त्याच्याकडे पाहतही नसत.

भक्तीने मला त्याच्या तळहातावर ठेवले. मी त्याच्या मानेला टेकलो आणि त्याचा श्वास संथ झाला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला आम्ही घरामागच्या रानात जात असू. तो मला फेके, भक्ती फीत धरून अंतर मोजे. मग तो मला धुऊन आपल्या टॉवेलने पुसे. इतकी माया मला कॉलेजात कुणी लावली नव्हती.

दोन वर्षांनी परभणीला विशेष खेळाडूंची स्पर्धा झाली. योगीराज जिल्ह्यात पहिला आला. राज्यस्पर्धेसाठी त्याची निवड झाली. माणिकराव त्याचे पदक खिशात घालून गावभर फिरले. "माझं पोरगं हाय ते," असे ते पहिल्यांदाच म्हणाले. योगीराजने ते वाक्य दिवसभर स्वतःशी घोळवले.

त्याच महिन्यात भक्तीला पाहायला पूर्णेहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा रेल्वेत नोकरीला होता. असा भाऊ पाहून स्थळ हातचे जाईल, म्हणून माणिकरावांनी योगीराजला बियाण्याच्या खोलीत कोंडले. मी त्याच्याजवळच होतो.

पाच वाजले. त्याने दार वाजवले. कुणी आले नाही. त्याने मला उचलून दारावर फेकले. तिसऱ्या फेकीला कडी उखडली. मला हातात घेऊन तो थेट बैठकीत गेला आणि म्हणाला, "आक्का, पाच वाजले. फीत धर."

मुलाची आई सगुणाबाई हातातला कप खाली ठेवत म्हणाल्या, "हा कोण?"

"सालगडी हाय आमचा," माणिकराव पटकन म्हणाले. "डोक्यानं कमी हाय जरा."

"मी सालगडी न्हाई," योगीराज म्हणाला. "मी योगीराज. ही माझी आक्का."

सगुणाबाई भक्तीकडे वळल्या. "खरं का ग?"

मित्रांनो, मी भक्तीचा घामेजलेला हात ओळखत होतो. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"न्हाई," ती म्हणाली. "कामाला हाय आमच्याकडं."

योगीराजने मला जमिनीवर ठेवले. फेकले नाही, हळूच ठेवले. दारामागे उभ्या कमलबाईंनी तोंडात पदर कोंबला.

लग्न जमले. आता ते खोटे सांभाळणे आले. योगीराज राज्यस्पर्धेला गेला तर पेपरात नाव छापून येईल, म्हणून माणिकरावांनी निवडीची चिठ्ठी चुलीत घातली. त्याचे अंथरूण गोठ्यात गेले, त्याबरोबर मीही. मांडवात तो पाहुण्यांना पाणी वाटत होता. गावातल्या शंभर माणसांना खरे माहीत होते. एकानेही तोंड उघडले नाही. नवऱ्या मुलाने त्याला हाक मारली, "ए गडी, इकडं आण." तो गेला.

त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. माझ्यावर पेंड आणि शेण साचले.

लग्नानंतर वर्षाने भक्ती माहेरी एकटीच आली. आल्या आल्या गोठ्यात शिरली. मला उचलून तिने आपल्या भारी लुगड्याने पुसले.

"चल रे योग्या, पाच वाजायलेत. मी फीत धरते."

तो वैरण टाकत होता. तसाच म्हणाला, "मालकाला विचारा, बाई."

"आरं, मी आक्का हाय तुझी!"

"मी सालगडी हाय. डोक्यानं कमी." त्याने हे न चुकता, माणिकरावांच्याच आवाजात म्हटले आणि दुसऱ्या बैलापुढे वैरण टाकायला गेला.

भक्ती मला पोटाशी धरून तिथेच बसली. तिने त्याला कितीतरी हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. ठरल्या मुहूर्तावर तिला सासरी परत जायचे होते, म्हणून शेवटी माणिकराव तिला हात धरून गोठ्याबाहेर घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्यावरचा गंज कुणीही दगडाने घासून काढू शकेल. माझे काही मागणे नाही. पण तुमच्या घरी योगीराजसारखा भाऊ असेल, तर पाहुण्यांसमोर त्याचे नाते सांगा. मोठ्याने सांगा. तो तिथेच उभा असतो, आणि तुम्ही जे म्हणाल ते खरे धरतो.