कुंडीमागची भिंत

मी एक जुना स्नेक प्लांट आहे, मित्रांनो, आणि पक्का भित्रा आहे. माझी पानं पाहून कुणाला हे खरं वाटत नाही. ती उभी, टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांची आहेत, त्यामुळे येणारेजाणारे म्हणतात, काय रुबाबदार आहे हो! पण पानं उभी असली म्हणून छातीही असते असं थोडंच आहे? जिच्यामुळे मला ही भीती कायमची चिकटली ती एक आठ वर्षांची मुलगी आहे. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी म्हणून ठरत नाही.

मी रोपवाटिकेत वाढलो. तिथला माळी कमी बोलायचा, पण माझ्या जातीचं झाड विकत घेणाऱ्याला एक वाक्य मात्र न चुकता सांगायचा, "याला महिन्यातून दोनदा पाणी द्या आणि बाकी दिवस विसरून जा." मुंगीच्या आईलाही त्याने हेच सांगितलं होतं. तिने मान डोलावली, पण लक्ष सगळं माझ्या पानांकडे. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथे पडलेल्या एका मासिकात तिने वाचलं होतं, की निजायच्या खोलीत झाडं ठेवली की हवा शुद्ध राहते आणि मनालाही बरं वाटतं. मुंगीला दमा होता. डॉक्टर म्हणाले होते, "पोरीला ताजी हवा मिळू द्या." म्हणून मग आम्हाला मुंगीच्या खोलीत आणलं गेलं. मी आलो, माझ्याबरोबर दोन मनीप्लांट आले आणि एक नेचा आला.

पहिले दिवस सुखाचे होते, हे सांगितलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. मुंगी माझ्या पानांवरची धूळ तिच्या जुन्या मोज्याने पुसायची. शाळेतून आली की पलंगावर पालथी पडून माझ्याकडे बघत राहायची आणि बघता बघता झोपी जायची. तिची आई दारातून बघून म्हणायची, "बघा, किती शांत झोपलीय." मला तेव्हा फार भारी वाटायचं. कुणाच्या तरी झोपेला आपली सोबत आहे याहून जास्त कुंडीतल्या झाडाला काय हवं असतं?

पण मुंगीचे बाबा पडले रंगारी. भिंती घासणं, भेगांत लांबीचा लगदा भरणं आणि रंग देणं यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका रविवारी ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, आम्हाला न्याहाळलं, मग खिडकीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, ही झाडं बिचारी इथे ताजी हवा तयार करतायत, आणि आपण ती खिडकीतून रस्त्यावर सोडतोय! एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं."

त्यांनी डबा उघडला, खिडकीची दारं घट्ट लावली आणि चारी बाजूंच्या फटी लांबीने बुजवून टाकल्या. काम असं सफाईदार केलं की फट कुठे होती ते शोधून सापडू नये. वर पांढरा रंगही दिला. मुंगीच्या आईने कौतुकाने हात फिरवून पाहिला. मी मात्र मुळापासून शहारलो. मित्रांनो, अख्ख्या खोलीच्या मानाने आम्ही चार कुंड्या जी हवा देतो, ती समुद्रात चमचाभर साखर घालावी तेवढी. पण हे मी कुणाला सांगणार होतो?

त्यात पाण्याची भर पडली. आई सकाळी कामावर जाताना मला पाणी घालायची. बाबा संध्याकाळी हातपाय धुऊन आले की मला पाणी घालायचे. आणि मुंगी शाळेच्या बाटलीत उरलेलं पाणी माझ्या मुळाशी ओतायची. तिघंही मायेने द्यायचे आणि तिघांचाही समज एकच, की झाडांची काळजी घरात आपण एकटेच घेतो. खालच्या बशा कायम भरलेल्या असायच्या. नेचा खुशीत होता, त्याला ओल आवडते. माझी मुळं मात्र कुजायला लागली. अति तिथे माती म्हणतात, ते मी मातीत बसून शिकलो.

मग मला ती दिसली. आमच्या कुंड्या ज्या मांडणीवर होत्या तिच्यामागे, भिंतीवर, रुपयाएवढी ओल. खोलीत माणसं समोरून बघतात, मागे काय आहे ते फक्त आम्हालाच दिसतं. आठवड्याभरात ती ताटाएवढी झाली आणि तिच्यावर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके उठले. बुरशी होती ती. तिचा कुबट वास हळूहळू खोलीत भरला. आणि त्याच सुमारास मुंगीच्या श्वासात बारीक शिट्टी वाजायला लागली.

ती शिट्टी मी अजून विसरलेलो नाही. श्वास आत जाताना वाजायची नाही, बाहेर येताना वाजायची. मी तो मोजत बसायचो. एक वाजला, दुसरा वाजला, तिसरा जरा लांबला की माझ्या पानांतलं पाणी गोठायचं.

घरातली माणसंही घाबरली. पण घाबरून त्यांनी केलं काय? आणखी झाडं आणली! पोरगी खोकते म्हणजे हवा कमी पडतेय, असा त्यांचा हिशोब. चारच्या सात कुंड्या झाल्या, सातच्या अकरा. जेवढी झाडं वाढली तेवढं पाणी वाढलं, जेवढं पाणी वाढलं तेवढी भिंत काळी झाली, आणि भिंत लपवायला आम्ही अकराजण हिरवेगार उभे! खोलीचं दारसुद्धा ओलीने फुगलं. लावताना ते करकरायचं, उघडताना दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. बाबा म्हणायचे, "उद्या रंधा मारतो." तो उद्या काही उगवला नाही.

एकदा मुंगीची आत्या भेटायला आली. दारातच नाक मुरडून म्हणाली, "वहिनी, काय हे जंगल! झाडं माणसाचा श्वास ओढून घेतात म्हणे."

"काहीतरीच काय, ताई! उलट झाडांमुळेच ती तग धरून आहे," मुंगीची आई म्हणाली.

दोघीही चुकत होत्या. पण आत्याचं बोलणं मला लागलं. पोरीचा श्वास कमी होत होता आणि त्याला कारण आमच्याच बुडाशी होतं, एवढं तर खरं होतं. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

आणि तो दिवस आला. शाळेला सुट्टी होती, बाबा कामावर गेले होते, आई घरी होती. भर दुपारी मुंगी पलंगावर पडून चित्रं काढत होती. आई आत आली, तिने सवयीने दार घट्ट लोटून लावलं आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. थोड्या वेळाने खडू खाली पडल्याचा आवाज आला. मुंगी उठून बसली होती. तोंड उघडं, खांदे वर, आणि गळ्यापाशी खड्डा पडत होता. शिट्टीसुद्धा वाजत नव्हती.

"पंप कुठाय गं? मुंगी, पंप कुठाय?"

मुंगीने बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. दम्याचा पंप शाळेच्या दप्तरात होता. आई धावली आणि तिने दार ओढलं. दार हललं नाही. तिने पाय लावून ओढलं, तर कडी उपसून हातात आली. तिने दारावर मुठी मारल्या, हाका मारल्या, पण बाहेर ऐकायला होतं कोण? मग ती खिडकीकडे वळली. खिडकी ओढली, नखांनी लांबी उकरली. पण नवऱ्याचं काम पक्कं होतं. मागे मुंगीचे ओठ निळसर होत चालले होते.

आईने चहूकडे पाहिलं. मांडणीवर सगळ्यात पुढे मी होतो. माझी कुंडी मातीची होती आणि ओल्या चिखलाने दगडासारखी जड झाली होती. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळी ताकद लावून काचेवर फेकलं.

मी काचेसकट पहिल्या मजल्यावरून खाली आलो. कुंडीचे तुकडे झाले, मुळं उघडी पडली. वरून आईची किंकाळी आली, "काका, वर या! बाहेरचं दार नुसतं लोटलंय, आतलं ढकला! मुंगीचं दप्तर घ्या, पंप आहे त्यात!"

खाली इस्त्रीची टपरी चालवणारे काका हातातली इस्त्री उभी करून धावत सुटले. जिन्यात त्यांची पावलं वाजली. मग दारावर धक्का, आणखी एक धक्का. मग काहीच ऐकू आलं नाही.

मित्रांनो, मी ऊन, किडा, कात्री, सगळं पाहिलं आहे. पण त्या शांततेएवढं मी कशालाच घाबरलो नाही. माझी मुळं उन्हात सुकत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त एक शिट्टी ऐकू यावी, एवढंच वाटत होतं. बऱ्याच वेळाने आई मुंगीला खांद्यावर घेऊन जिना उतरली आणि दवाखान्यात न्यायला गाडीत बसली. जाताना मला मुंगीची पाठ दिसली. ती वरखाली होत होती.

संध्याकाळी बाबा दवाखान्यातून कपडे न्यायला आले. त्यांनी मला उचललं, माझी काळी बुळबुळीत मुळं पाहिली, वास घेतला आणि ते जागच्या जागी थबकले. तो वास त्यांच्या धंद्यातला होता. मला तसंच हातात धरून ते वर गेले आणि त्यांनी मांडणी पुढे ओढली. छातीएवढ्या उंचीपर्यंत भिंत काळी पडली होती. ते खालीच बसले. मागून इस्त्रीवाले काका आले.

"काका, लोकांच्या घरातली ओल मी उंबऱ्यातून ओळखतो," बाबा म्हणाले. "आणि माझी पोर हिच्यासमोर निजत होती."

काका म्हणाले, "आता रडायचं नंतर. आधी खरवडायला घ्या. मी धरतो खालून."

चार दिवसांनी मुंगी घरी आली. भिंत तोवर खरवडून कोरडी केली होती, खिडकी मोकळी झाली होती आणि दहा कुंड्या बाहेर गच्चीत गेल्या होत्या. माझा कुजका भाग बाबांनी कापून टाकला होता, दोनच पानं उरली होती. आई मला खोलीत घ्यायला तयार नव्हती.

"पण आई, खिडकी यानेच फोडली ना?" मुंगीने विचारलं.

"मी फोडली," आई म्हणाली.

"हो, पण यालाच फेकून ना."

आईने तिला जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलंच नाही.

आता मी उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर एकटाच असतो. खरं सांगतो, परत या खोलीत यायची मला हिंमत नव्हती. अजूनही मुंगीचा एखादा श्वास लांबला की मी दचकतो. काल ती पेलाभर पाणी घेऊन माझ्याजवळ आली. तिने आधी मातीत बोट खुपसलं, बोट ओलं लागलं, तशी ती थांबली आणि ते पाणी स्वतःच पिऊन मोकळी झाली.

मित्रांनो, आम्हाला जरूर आणा. आमच्याकडे बघून डोळे निवतात, झोप लागते, तेवढं आम्ही आनंदाने देऊ. पण हवा खिडकीतूनच येऊ द्या, ते काम आमच्या गळ्यात घालू नका. आणि आज घरी गेलात की कुंडी जरा पुढे ओढा आणि मागची भिंत बघा. आम्हाला ती रोज दिसते, पण सांगता येत नाही.