मीठ, कोळसा आणि तांब्याची पाटी

विवेकी माणसाला करणीची भीती वाटत नाही. हे वाक्य मी आमच्या विहारात माइकवरून निदान चाळीस वेळा म्हटलं आहे आणि दर वेळी ते खरं होतं. रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तरी होतं.

निघोज्याच्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं टाइम ऑफिसला काढली. मग स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कंपनीची होती. घरी बसून कस्तुराच्या, म्हणजे बायकोच्या, पोह्यांत मीठ कमी-जास्त काढण्यापेक्षा मी ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. मोठ्या पळीसारखं मशीन असतं. गवतावरून फिरवायचं, खाली धातू असला की वाजतं. दोन वर्षांत मला संत तुकाराम नगरच्या आसपासच्या बागांत चार आण्यांची अकरा नाणी, एक जोडवं, एका पोराचा वाळा आणि बाटल्यांची अगणित झाकणं सापडली. वॉचमन बबनरावांशी करार होता. दागिना त्यांच्या केबिनमध्ये जमा, नाणं माझं, खड्डा लगेच बुजवायचा.

अंजली, माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आठवा महिना. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, म्हणून सकाळी ती माझ्यासोबत बागेत यायची. ती फेऱ्या मारायची, मी मशीन फिरवायचो.

त्या रविवारी नव्या दिव्याच्या खांबापासून चार हातांवर मशीन असं वाजलं, की बाकावरच्या हास्यक्लबाचं हसू थांबलं. स्क्रीनवर आकडा तांब्याचा. मी खुरप्याने उकरायला लागलो. सव्वा फुटावर आधी कोळसा लागला. मग खडेमीठ. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, कुणीतरी मन लावून थर दिल्यासारखं. आणि त्याखाली उभी पुरलेली तांब्याची चौकोनी पाटी, हिरवी पडलेली, वर दोन भोकं. डोळ्यांसारखी.

मला भीती वाटली नाही. फक्त पाठीवरून घाम उतरला आणि खुरपं हातातून पडलं.

"काय सापडलं, पप्पा?" अंजली मागे उभी होती.

"काही नाही. भंगार."

"बघू तरी," म्हणत ती पुढे आली, आणि मी "थांब" म्हणेपर्यंत तिने खड्डा ओलांडला. सरळ, दोन्ही पायांनी. पलीकडे जाऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "एवढं काय ओरडताय? मी काय काचेची आहे?"

माझी सासू मावळातली. कस्तुराला दिवस होते तेव्हा ती मला बजावायची, "गरवार बाईनं उतारा वलांडायचा न्हाई, जावई. पोटातलं गप व्हतं." मी तेव्हा सासूला अर्धा तास विज्ञान समजावलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दारात लिंबू टांगलं.

मी पाटी पिशवीत घातली, खड्डा बुजवला आणि घरी आलो. पिशवी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली. चहा प्यायला. कपात मीठ पडल्याचा भास झाला, साखर होती.

साडेअकराला अंजली सोफ्यावर डाव्या कुशीवर आडवी झाली. बाराला उठून बसली. पाणी प्यायली, गूळ खाल्ला, पुन्हा आडवी झाली.

"आई," ती म्हणाली, "सकाळपासून बाळ हललं नाही गं."

कस्तुराने तिच्या पोटावर हात ठेवला. मी पंख्याकडे बघत होतो. तो फिरत होता, हे मला अपमानास्पद वाटलं.

"झोपलं असंल," कस्तुरा म्हणाली, पण हात काढेना. मग एकदम, "अहो, रिक्षा बघा. दवाखान्यात जाऊ."

रिक्षा आणली. अंजली आत बसताना माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा चेहरा असा का झालाय? मलाच भीती वाटते आता."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "मी फाइल शोधून मागोमाग आलोच."

कस्तुराने माझ्याकडे असं पाहिलं की तीस वर्षांच्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं. मुलीचा जीव टांगणीला आणि बाप फाइल शोधतोय. फाइल टीव्हीखालीच होती. मी ती उचलली, गॅलरीतून पिशवी घेतली आणि बागेकडे निघालो. जिथून काढलं तिथे, होतं तसं पुरायचं, एवढंच डोक्यात होतं. मीठ वरून की कोळसा वरून, हे काही केल्या आठवेना. टाइम ऑफिसला सव्वीस वर्षांत पंचिंगचा घोळ न केलेला माणूस मी, थरांचा क्रम विसरलो होतो.

बागेच्या गेटाशी नूरमोहम्मदचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो बाहेरच एका पंपाचं वायंडिंग सोलत बसला होता.

"क्या समाधानराव, भर उन्हात? वहिनींनी हाकललं का?"

माझी अवस्था बघून त्याने स्टूल पुढे केलं, पिशवीत हात घालून पाटी बाहेर काढली. मी ओरडलो, "हात लावू नको, भावा!"

"का? करंट आहे का?" तो हसला. मग पाटी उलटसुलट केली. "ही कुठून उपटली?"

मी सगळं सांगितलं. मीठ, कोळसा, डोळे, सासू, पोटातलं गप झालेलं बाळ. हे सगळं मी मोठ्याने बोलतोय हे माझं मलाच ऐकवेना. विहारात माइकवर बोलणारा आवाज हाच.

नूरमोहम्मद हसला नाही. "राव, ही अर्थिंगची पाटी आहे. दिव्याच्या खांबाची. मीठ-कोळसा भरायचाच असतो, ओल राहते. खड्डा आठ-दहा फूट पाहिजे. ठेकेदाराने सव्वा फुटात उरकलंय." त्याने भोकांतून माझ्याकडे पाहिलं. "आणि इथे तार बोल्ट करतात. बोल्टचा डागसुद्धा नाही. तार जोडलीच नव्हती."

"म्हणजे परत पुरून..."

"पुरा नाहीतर भंगारात द्या. काय फरक पडणार? पण तुम्ही इथे काय करताय? पोरगी तिकडे आहे ना?"

तेव्हा खरी भीती वाटली. करणी होती तोवर मला काम होतं. पुरलं की सुटलो. आता पुरण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि बाळ तरीही हलत नव्हतं. नूरमोहम्मदने शटर अर्धं ओढलं, मला स्कूटरवर बसवलं. वाटेत फोन दोनदा वाजला. मी तो खिशातून काढला नाही.

दवाखान्याच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत मी वर गेलो. तपासणीच्या खोलीबाहेर कस्तुरा भिंतीकडे तोंड करून उभी. रडत होती का, ते तिच्या पाठीवरून कळेना. दार ढकललं. अंजली आडवी, पोटाला पट्टा, आणि खोलीभर घोडा दौडल्यासारखा आवाज.

"ठोके आहेत पप्पा," अंजली म्हणाली. "फोन का उचलत नाही तुम्ही?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्या काखेतली फाइल घेतली, दोन पानं उलटली.

"आलात ते बरं केलंत. हालचाल कमी वाटली की यायचंच. पण बाळ छान आहे. हिची वार, म्हणजे प्लॅसेंटा, पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे लाथा कमी जाणवतात. इथे लिहिलंय की."

पाचव्या महिन्याचा सोनोग्राफी रिपोर्ट होता. दुसरी ओळ. फाइलला मीच लावला होता.